फावल्या वेळची विद्या

मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी विलायतेस परतले, तेव्हा शहरातील नागरिकांनी त्यांच्या गौरवार्थ वर्गणी जमविली आणि त्या निधीतून १८५५ साली न्यायशास्त्राचे जे अध्यासन निर्माण झाले, तेच मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे मूळ होय. मुंबई विद्यापीठ या अध्यासनाहून दोन वर्षांनी धाकटे आणि हायकोर्ट सात वर्षांनी. १८७९ साली एलएल.बी. झालेले टिळक या परंपरेतले, आणि १९३५ ते १९३८ या काळात येथील प्राचार्यपद डॉ. आंबेडकरांकडे होते.

नावे मोठी, पण अध्यापनाची रीत मात्र दीर्घकाळ कोर्टकचेरीच्या वेळापत्रकाने बांधलेली राहिली. शिकविणारे बहुधा वकिली करणारे, आणि विद्यार्थ्यांचे लक्ष विद्येपेक्षा सनदेकडे अधिक. अशा व्यवस्थेतून चांगले वकील निपजतात. संशोधन निपजलेच, तर ते एखाद्याच्या अंगभूत वेडापायी.

१९१७ ते १९२३ या काळात येथे शिकविणाऱ्या पांडुरंग वामन काण्यांना असे वेड होते. नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या सतराव्या शतकातील ग्रंथाची आवृत्ती सिद्ध करताना, प्रस्तावनेदाखल धर्मशास्त्र-वाङ्मयाचा थोडा इतिहास द्यावा, एवढाच त्यांचा संकल्प होता; ती प्रस्तावना वाढता वाढता स्वतंत्र ग्रंथ झाली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्याचे पाच खंड निघाले. वकिली सांभाळून हे झाले, याचे नवल वाटते आणि महाविद्यालयांविषयी थोडा खेदही. पुण्यात १९२४ साली निघालेल्या लॉ कॉलेजचे प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांनीही स्मृतिग्रंथांच्या संपादनाचे व भाषांतराचे काम असेच नेटाने चालविले.

हे निव्वळ पोथीपांडित्य होते, असे मात्र कोणी समजू नये. अविवाहित मुलगा वारला, तर त्याची मिळकत आईबापांपैकी प्रथम कोणाकडे जावी? ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका आईला अग्रक्रम देते, मयूख बापाला. आणि गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मयूखाचे प्रामाण्य, तर उरलेल्या महाराष्ट्रात मिताक्षरेचे. म्हणजे कुटुंब मूळचे कोणत्या भागातले, यावर दाव्याचा निकाल फिरे, आणि त्यासाठी वकिलाला काशीच्या पंडिताचा संस्कृत ग्रंथ उलगडावा लागे. ज्याने वर्गात नुसती टिपणे उतरवून घेतली, त्याची येथे पंचाईत होई. मूळ वचन काढून अर्थ लावणाराच न्यायाधीशापुढे टिके.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हा वाद मिटविला. त्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे, बाप दुसऱ्या वर्गाचा.