फेकणाऱ्या हाताचा पीळ

मुरूमच्या शिवारात जोंधळा हुरड्यात आला, की पोरांच्या हाती गोफण येते. शाळेच्या मैदानावर तीच पोरे चेंडू नि भाला फेकतात. गुरुजी, त्यांतल्या फेकीत तरबेज मुलाला उताणे निजवा. दंड खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, पंजा आढ्याकडे. आता खांदा न उचलता पंजा डोक्याकडे झुकवा. फेकीचा हात बहुधा १०-१५ अंश जास्त जाईल. पायांकडे मात्र जवळजवळ तितकाच कमी.

लोक म्हणतात, खांदा सैल झाला. पण मूळ पुष्कळदा हाडातच असते. जन्मतः दंडाच्या हाडाला मागे वळलेला पीळ असतो. वाढत्या वयात तो उलगडतो. लहानपणापासून जोराने फेकणाऱ्याच्या हातात पुरता उलगडत नाही. बेसबॉल आणि हँडबॉल खेळाडूंच्या तपासणीत हे दिसले आहे. हाड पक्के झाल्यावर मात्र कितीही सराव करा, हा पीळ लाभत नाही.

आता धोका. खांद्याजवळच्या ज्या कोवळ्या कूर्चेतून दंडाची सुमारे ८० टक्के लांबी वाढते, तीच अति फेकीने दुखावते. दंडाच्या वरच्या भागात कळ येते. तेव्हा तेल चोळून पोराला पुन्हा मैदानात धाडू नका. फेक थांबवा, डॉक्टरांना दाखवा. पाखरांसाठी पत्र्याचा डबा वाजवला तरी भागते.