पोटॅशियम आयन मार्ग

कोशिकेच्या (पेशीच्या) पटलात आरपार बसलेल्या आणि जवळजवळ केवळ पोटॅशियमाच्या आयनांनाच (विद्युत् भारित अणूंना) वाट देणाऱ्या प्रथिनांना पोटॅशियम आयन मार्ग म्हणतात. कोशिकापटल मेदयुक्त असल्याने विद्युत् भारित कण त्यातून सहसा जाऊ शकत नाहीत. त्यांना अशा स्वतंत्र वाटेची गरज असते. ही वाट केव्हा उघडते व केव्हा मिटते यावर तंत्रिकांतील (मज्जातंतूंतील) संदेशवहन, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आकुंचन इ. क्रिया अवलंबून असतात. या मार्गांची रचना उलगडण्यात विंचवांच्या विषांचे मोठे साहाय्य झाले असून त्यांपैकी एक विष कोकणात, विशेषतः रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांत, माणसांना डसणाऱ्या लाल विंचवाचे आहे.

कोशिकेच्या आत पोटॅशियमाचे प्रमाण लिटरला सुमारे १४० मिलिमोल, तर बाहेरील द्रवात ते ४ ते ५ मिलिमोल एवढेच असते. मार्ग उघडला की पोटॅशियम आयन बाहेर पडू लागतात आणि त्यांच्याबरोबर धन विद्युत् भारही जातो. विश्रांत तंत्रिका-कोशिकेची आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते, त्याचे हे प्रमुख कारण होय. संदेश जाताना प्रथम सोडियमाचे मार्ग उघडतात व सोडियम आयन आत शिरून ही स्थिती उलटते. मागाहून, काहीशा सावकाशीने, पोटॅशियमाचे मार्ग उघडतात आणि पटल पूर्वस्थितीवर येते. ए. एल्. हॉजकिन व ए. एफ्. हक्स्ली यांनी माखलीसदृश स्क्विड या प्राण्याच्या जाड तंत्रिका-तंतूवरील प्रयोगांतून १९५२ मध्ये हा क्रम गणिताने मांडला. मार्ग उघडण्यासाठी चार घटकांची एकाच वेळी अनुकूल स्थिती लागते, असे त्यांच्या समीकरणांत गृहीत धरलेले होते. प्रत्यक्ष प्रथिन कोणी पाहिलेले नसताना केलेली ही कल्पना पुढे बरीचशी खरी ठरली, कारण हा मार्ग चार उपघटकांचा बनलेला असतो.

निवड : पोटॅशियमाचा आयन सोडियमाच्या आयनापेक्षा मोठा असूनही या वाटेने तोच जातो व लहान आयन मागे राहतो. केवळ छिद्राच्या आकाराने याचा उलगडा होत नाही. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन व त्यांचे सहकारी यांनी एका मृदा-जंतूतील पोटॅशियम मार्गाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली, तेव्हा याचे कारण स्पष्ट झाले. पाण्यात प्रत्येक आयनाभोवती जलरेणूंचे वेष्टन असते. मार्गाच्या अरुंद भागात प्रथिनाचे ऑक्सिजन अणू अशा अंतरावर मांडलेले असतात की, पोटॅशियमाला जलवेष्टनाच्या बदली त्यांचा तितकाच सोयीचा आधार मिळतो. लहान सोडियम आयनाला हे अणू दूर पडतात, म्हणून पाणी सोडणे त्याला परवडत नाही. इतकी काटेकोर निवड होऊनही एका मार्गातून सेकंदाला एक कोटीपर्यंत व त्याहूनही अधिक आयन जाऊ शकतात. या कार्याबद्दल मॅकिनन यांना २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

उघडझाप : निवड करणारा भाग बाहेरच्या तोंडाशी, तर दार आतल्या तोंडाशी असते. चार उपघटकांचे मळसूत्राकार दांडे आतील बाजूस एकमेकांजवळ येऊन वाट रोखतात. ते वाकून दूर झाले की वाट मोकळी होते. विद्युत् दाबाने चालणाऱ्या मार्गांत प्रत्येक उपघटकाला धन भारित ॲमिनो अम्ले असलेला एक संवेदक दांडा असतो. कोशिकेची आतील बाजू ऋण असेतो तो आत ओढलेला राहतो. ऋणता कमी होताच तो बाहेरच्या दिशेने सरकतो आणि त्याला जोडलेल्या दुव्यामुळे दार सैल होते. काही मार्ग उघडल्यानंतर थोड्याच वेळात प्रथिनाच्याच एका लोंबत्या टोकाने आतून बुजतात. साखळीने बांधलेल्या बुचाची उपमा येथे चपखल बसते. इतर मार्गांना उघडण्यास वा मिटण्यास निराळी कारणे लागतात. स्वादुपिंडातील एक मार्ग कोशिकेतील ऊर्जावाहक एटीपीचे प्रमाण वाढल्यावर मिटतो व त्यामुळे इन्शुलीन स्रवते. मधुमेहावरील ग्लिबेनक्लमाइड हे औषध हाच मार्ग मिटविते. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतील मोठ्या वाहकतेचा मार्ग कॅल्शियम व विद्युत् दाब या दोहोंच्या प्रभावाने उघडतो आणि अतिरेकी आकुंचनाला आळा घालतो.

लाल विंचवाचे विष : या शेवटच्या मार्गावर लाल विंचवाच्या (शास्त्रीय नाव हॉटेन्टोट्टा टॅम्युलस, पूर्वीचे ब्युथस टॅम्युलस) विषातील आयबेरिओटॉक्सिन हा घटक परिणाम करतो. १९९० मध्ये वर्णन केलेले हे ३७ ॲमिनो अम्लांचे लहान प्रथिन आहे. ते दार मिटवीत नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. बाहेरच्या तोंडावर ते बसते व त्याची एक धन भारित शाखा छिद्रात शिरते, म्हणून दार उघडे असूनही आयन अडतात. एकदा बसलेले विष कित्येक मिनिटे सुटत नाही. अन्य विंचवाच्या अशाच विषाचा उपयोग करून मॅकिनन यांनी, रचना दिसण्यापूर्वीच, मार्गाचे तोंड कोठे आहे व उपघटक किती आहेत हे ठरविले होते.

दंश झालेल्या माणसाच्या जीवावर बेतते ते मात्र एकट्या या घटकामुळे नव्हे. विषातील दुसरी प्रथिने सोडियमाचे मार्ग मिटू देत नाहीत. त्यांच्या जोडीला पोटॅशियमाची वाट अडली की तंत्रिका पूर्ववत शांत होत नाहीत आणि ॲड्रेनॅलिनासारखी द्रव्ये रक्तात भरमसाट येतात. ओकाऱ्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसू लागतात व पुढे हृदय दुबळे होऊन फुप्फुसांत पाणी साठते. जांभ्या दगडांचे गडगे, सरपण, गोवऱ्यांचे ढीग यांत हा विंचू दडतो. त्यामुळे शेतकरी, मजूर व मुले यांना दंशाचा धोका अधिक असतो. मोठ्या काळ्या विंचवाच्या दंशाने वेदना झाल्या, तरी तो सहसा इतका घातक नसतो. १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतातील दंशांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ ते ३० टक्के होते. महाड (जि. रायगड) येथील हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्राझोसीन हे औषध अशा रुग्णांना देण्यास आरंभ केला व त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आले. प्राझोसिनाचा आयन मार्गांशी संबंध येत नाही. ॲड्रेनॅलिनाचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम ते रोखते. रक्तात फिरणारे विष बांधून टाकण्याचे काम प्रतिविष करते. महाड येथे ७० रुग्णांवर केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत केवळ प्राझोसीन दिलेले रुग्ण सरासरी १७.७ तासांत, तर दोन्ही दिलेले ८ तासांत बरे झाले.