मध्यम श्रेणीचे ग्राफिक्स कार्ड

संगणकाच्या पडद्यावरील चित्रे रेखाटण्याचे काम मुख्य प्रोसेसरकडून आपल्याकडे घेणारा, स्वतःची मेमरी आणि स्वतःचा पंखा असलेला स्वतंत्र भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड होय. आधुनिक संगणकीय खेळ १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर सेकंदाला ६० किंवा त्याहून अधिक चित्रांच्या वेगाने दाखवू शकणाऱ्या, परंतु सर्वांत महागड्या गटात न मोडणाऱ्या कार्डास मध्यम श्रेणीचे कार्ड म्हटले जाते. भारतात अशा नव्या कार्डासाठी साधारणतः वीस ते पंचेचाळीस हजार रुपये मोजावे लागतात. बहुतेक ग्राहक आधी कार्ड निश्चित करतात आणि मग ते आपल्या संगणकात बसते की नाही याचा विचार करतात. मर्यादित खर्चात याच्या उलट क्रम हितावह ठरतो. पडदा, वीजपुरवठा आणि मदरबोर्ड यांची मर्यादा आधी पाहावी व कार्ड शेवटी निवडावे.

पडदा आणि खेळ

१९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, २५६० × १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख आणि ‘फोर-के’ पडद्यावर सुमारे ८२.९ लाख. कार्डावरील भार याच प्रमाणात तंतोतंत वाढत नसला, तरी त्याची दिशा या आकड्यांवरून कळते. घरी ६० हर्ट्झचा जुना पडदा असेल, तर सेकंदाला १४० चित्रे काढणाऱ्या कार्डाची निम्म्याहून अधिक मेहनत डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही.

खेळाचा प्रकारही पाहावा लागतो. ‘व्हॅलोरंट’सारख्या हलक्या स्पर्धात्मक खेळात वेग बहुधा प्रोसेसरवर अडतो. २०२२ मध्ये आलेला ‘एल्डन रिंग’ मुळातच सेकंदाला ६० चित्रांवर मर्यादित आहे. याउलट ‘सायबरपंक २०७७’सारख्या खेळात प्रकाशकिरणांचे गणित सुरू केले, की मध्यम श्रेणीचे कार्डही धापा टाकू लागते.

नावांचा घोळ

खोक्यावरील नाव हा या बाजारातील सर्वांत फसवा भाग आहे. २०१६ साली एनव्हिडियाने जीटीएक्स १०६० हे कार्ड ६ आणि ३ गिगाबाइट अशा दोन रूपांत आणले. फरक केवळ मेमरीचा आहे असा ग्राहकांचा समज झाला. प्रत्यक्षात पहिल्यात १,२८० गणनकेंद्रे होती, तर दुसऱ्यात १,१५२. एएमडीच्या आरएक्स ५८० चेही तसेच झाले. मूळ कार्डात २,३०४ केंद्रे होती, पण पुढे त्याच नावाने २,०४८ केंद्रांचे कार्ड विकले जाऊ लागले. आरटीएक्स ३०६० च्या १२ गिगाबाइटच्या कार्डात मेमरीचा मार्ग १९२ बिटांचा आहे आणि नंतर आलेल्या ८ गिगाबाइटच्या कार्डात तो १२८ बिटांवर आला आहे. आरटीएक्स ३०५० चे २०२४ मध्ये आलेले ६ गिगाबाइटचे रूप तर ८ गिगाबाइटच्या रूपापेक्षा सर्वच बाबतींत दुबळे आहे. त्याचा एक गुण मात्र मोठा आहे, तो पुढे येईल.

८ गिगाबाइट मेमरी १०८० बिंदूंच्या पडद्यासाठी अनेक वर्षे पुरेशी मानली जात होती. अलीकडच्या काही खेळांत ती अपुरी पडते आणि मग चित्र अडखळते किंवा पृष्ठभागांचे तपशील पुसट होतात. हे लक्षात घेता २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी या दोन्ही कार्डांची १६ गिगाबाइटची रूपे, खर्च झेपत असल्यास, अधिक टिकाऊ ठरतात. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये तेव्हा २४९ डॉलरांत १२ गिगाबाइट मेमरी मिळत होती. परंतु या कार्डाला संगणकात ‘रिसायझेबल बार’ ही सोय असावी लागते, अन्यथा त्याचा वेग बराच घटतो.

कार्यालयातून बाहेर पडलेले संगणक

ठाण्यातील वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक. महामंडळाची स्थापना १९६२ ची. तेथील अनेक कारखान्यांच्या जागी गेल्या काही दशकांत माहिती तंत्रज्ञान संकुले आणि कार्यालये उभी राहिली. अशा कार्यालयांतील संगणक काही वर्षांनी बदलले जातात आणि दुरुस्त होऊन ‘रिफर्बिश्ड’ या नावाने विक्रीस येतात. विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ साठी, मोजके अपवाद वगळता, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या व सातव्या पिढीचे संगणक कार्यालयांना नकोसे झाले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र असा संगणक स्वस्तात घेऊन त्यात कार्ड बसवणे हा खेळासाठीचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग असतो.

अडचण येते ती एसएमपीएसपाशी. या संगणकांतील वीजपुरवठा बहुधा १८० ते ३०० वॅटचा असतो आणि कार्डासाठीची सहा किंवा आठ पिनांची वेगळी जोडणी त्यात अनेकदा नसतेच. मदरबोर्डावरील खाच स्वतः ७५ वॅटपर्यंत वीज देते. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ वॅट आणि आठ पिनांची १५० वॅट देते. ११५ वॅटचे आरटीएक्स ४०६० किंवा १३२ वॅटचे आरएक्स ६६०० म्हणूनच अशा संगणकात सरळ बसत नाही. हार्ड डिस्कच्या साटा तारेला जोड लावून आठ पिनांची जोडणी बनवण्याची युक्ती प्रचलित आहे. ती धोक्याची होय. साटा जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठीच बनवलेली असते आणि अधिक वीज ओढल्यास तिचे प्लास्टिक वितळू शकते. नवा एसएमपीएस बसवावा, तर काही कंपन्यांच्या मदरबोर्डांची जोडणी प्रमाणित २४ पिनांची नसते.

येथे आरटीएक्स ३०५० चे ६ गिगाबाइटचे रूप उपयोगी पडते. ते ७० वॅट घेते व त्याच्या बहुतेक नमुन्यांना वेगळी तार लागत नाही. २०१९ चे जीटीएक्स १६५० हेही ७५ वॅटचे कार्ड आहे, पण त्यात ४ गिगाबाइटच मेमरी असते. संगणकाचे कॅबिनेट अरुंद असेल, तर ‘लो-प्रोफाइल’ म्हणजे निम्म्या उंचीचे कार्ड मागावे लागते. हे माप दुकानात जाण्यापूर्वी घेतलेले बरे.

जुन्या मदरबोर्डाची आणखी एक मर्यादा आहे. २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी मदरबोर्डाशी केवळ चार मार्गिकांनी बोलते. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या आवृत्तीवर ते चालून जाते. वर उल्लेखलेल्या संगणकांत तिसरी आवृत्ती असते आणि तेथे मार्गिकेचा वेग निम्मा होत असल्याने ४ गिगाबाइट मेमरी भरताच खेळ अडखळतो. इंटेलची आर्क कार्डेही इतक्या जुन्या संगणकांसाठी नव्हेत. इंटेल आपल्या प्रोसेसरांत दहाव्या पिढीपासून पुढेच त्यांची शिफारस करते.

किंमत

परदेशी किमतीचे रुपयांत रूपांतर करून दुकानदाराशी वाद घालणारे ग्राहक एक गोष्ट विसरतात. अमेरिकेतील जाहीर किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, भारतातील किमतीत १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो. जून २०२३ मध्ये आरटीएक्स ४०६० ची किंमत २९९ डॉलर होती. डॉलरचा तेव्हाचा सुमारे ८२ रुपयांचा दर धरता ती २४,५०० रुपये होते आणि करासह सुमारे २९,००० रुपये.

वीजबिलाची चिंता मात्र अवास्तव असते. १७० वॅटचे कार्ड रोज तीन तास पूर्ण भाराने चालले, तर महिन्याला सुमारे १५ युनिट लागतात, ११५ वॅटच्या कार्डाला सुमारे १०. पाच युनिटांच्या फरकासाठी कार्ड बदलण्याचे कारण नाही.

ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील अनेक ग्राहक दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोड गाठतात. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे या रस्त्याचे अधिकृत नाव. तेथे भाव तुलनेने पाहता येतात. जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल आणि त्यावर लिहिलेला कार्डाचा अनुक्रमांक या दोन गोष्टींवाचून थोडा स्वस्त मिळालेला माल वॉरंटीच्या वेळी महाग पडतो.

वापरलेले कार्ड

२०२० ते २०२२ या काळात इथेरियम या आभासी चलनाच्या उत्खननासाठी कार्डांची प्रचंड मागणी होती आणि किमती कडाडल्या होत्या. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ही पद्धत सोडली आणि अहोरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. अशा कार्डाची मुख्य चीप अनेकदा ठणठणीत असते. पंखे झिजलेले, उष्णतावाहक लेप वाळलेला आणि मेमरी तापून थकलेली असण्याची शक्यता अधिक. विक्रेत्याच्या घरीच अर्धा तास जड खेळ चालवून पाहावा व तापमान नोंदवावे.

याहून वाईट म्हणजे बनावट कार्ड. यात जुन्या चीपच्या आत साठवलेली ओळख बदलून तिला नव्या कार्डाचे नाव दिले जाते. विंडोज तेच नाव दाखवते. ‘जीपीयू-झेड’ हा मोफत प्रोग्रॅम अशी अनेक कार्डे ओळखतो आणि नावाआधी ‘फेक’ असा शब्द दाखवतो. तपासणीस पाच मिनिटेही लागत नाहीत, मात्र ती पैसे देण्यापूर्वी करावी लागते.