निमूट सोसण्याचे दुखणे

खोकताना, हसताना, पाण्याचा हंडा उचलताना नकळत लघवी होणे, हे दुखणे बाळंतपणानंतर वा उतारवयात अनेक स्त्रियांच्या वाट्याला येते. रत्नागिरीच्या पाखाड्या चढणारी गृहिणी ते घरातही बोलत नाही. वस्तुतः हा वयाचा भोग नव्हे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडले की मूत्रमार्गाचा आधार सुटतो, एवढेच.

त्या स्नायूंचा निदान ३ महिने नियमित व्यायाम हा पहिला उपाय. त्याने न भागल्यास शस्त्रक्रिया आहे. १९६१ साली बर्च यांनी टाक्यांनी आधार वर बांधण्याची पद्धत मांडली. १९९६ साली स्वीडनच्या उल्मस्टेन यांनी मूत्रमार्गाखाली कृत्रिम जाळीची पट्टी बसविण्याची. ही सोपी ठरली. परंतु काही स्त्रियांना चिवट वेदना जडल्या आणि इंग्लंडमध्ये २०१८ साली तिच्या वापरावर स्थगिती आली. रुग्णाच्याच शरीरातील ऊतीची पट्टी वापरण्याचाही मार्ग आहे. म्हणूनच गुणदोष समजावून घेतलेली संमती तीच खरी संमती.

रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे या दुखण्यासाठी आठवड्यातील एक दिवस राखून ठेवावा, आणि आशा सेविकांनी गावोगावी हा प्रश्न आपणहून विचारावा. स्त्री बोलेल तेव्हा उपचार करू, असे म्हणणे म्हणजे तिच्या संकोचावर आपली जबाबदारी ढकलणे होय.