समजावून सांगायला वेळ कुणाच्या ड्यूटीत?

“डॉक्टर नीट सांगतच नाहीत,” ही तक्रार घरोघरी असते आणि खापर फुटतं ते माणसाच्या स्वभावावर. हा पहिला गैरसमज. ६७ देशांमधल्या अभ्यासांचा एक आढावा २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टर एका रुग्णाला स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटं देतात, भारतात जेमतेम दोन आणि बांगलादेशात ४८ सेकंद. दोन मिनिटांत मधुमेहाच्या रुग्णाचा रक्तदाब पाहायचा, रिपोर्ट वाचायचा, गोळ्या लिहायच्या. मग पायांची निगा कशी राखायची हे सांगणार कधी? कितीही मायाळू डॉक्टर असला तरी ओपीडीची रांग त्याला थांबू देत नाही.

कर्मचाऱ्यांना आणखी एक प्रशिक्षण दिलं, भिंतीवर नवी पोस्टर्स लावली की काम झालं, असंही पुष्कळ अधिकाऱ्यांना वाटतं. प्रशिक्षण हवंच. पण शिकून आलेली नर्स त्याच भरलेल्या वॉर्डात, त्याच रजिस्टरांच्या ढिगाऱ्यात परतते. समजावून सांगणं हे तिच्या कामाच्या वाटपात कुठेच नसेल, तर ते उरल्यासुरल्या वेळात होतं, किंवा होतच नाही.

तिसरा समज असा की आरोग्यशिक्षण देणं हे मोठ्या पदवीचं काम. तो गडचिरोलीनं खोटा ठरवला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांच्या काळजीसाठी तयार केलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. त्यात जंतुसंसर्गावरची इंजेक्शनंही होती, त्यामुळे सगळं श्रेय सल्ल्याला देता येणार नाही. पण सल्ला द्यायला घरी कुणी जायचं, केव्हा जायचं, हे तिथे आधीच ठरलेलं होतं.

हीच पद्धत पुढे आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईनं बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. हात धुवायचे, बाळाला झोळीत घालून वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचं, मिनिटभर श्वास मोजायचे. साठ किंवा जास्त भरले तर दवाखाना गाठायला सांगायचं. आई शेजारी बसून हे सगळं बघते आणि शिकते. या भेटींचा मोबदला ठरलेला आहे, फॉर्मही आहे. म्हणून त्या होतात.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर पुढच्या बैठकीत एवढं विचारायला सांगा: ड्यूटी लिस्टमध्ये रुग्णांना समजावून सांगण्याची वेळ कोणती, आणि त्या वेळी तिथे कोण असतं?