निमित्ताची मर्यादा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पेढ्यांवर गावाकडून आलेला भाचा पोटच्या मुलासारखा घडवला जातो. तरीही एखाद्याचा सट्टा सुटत नाही आणि शिकवणारे मामा मात्र स्वतःलाच दोष देत राहतात.

भगवतीसूत्राच्या 9व्या शतकातील जमालीने प्रत्यक्ष भगवान महावीरांकडून दीक्षा घेतली होती. त्याने स्वतंत्र विहाराची अनुज्ञा मागितली तेव्हा भगवंत मौन राहिले. तो निघून गेला. पुढे त्याने भगवंतांचा सिद्धान्तही नाकारला. उणीव उपदेशात नव्हती.

शिकवणारा निमित्त असतो. उपादान शिकणाऱ्याच्याच आत्म्यात असते. आपला शब्द कठोर झाला असेल, तर प्रतिक्रमणात त्याची आलोचना करावी. दुसऱ्याचे कर्म मात्र आपल्या खतावणीत ओढू नये. तिजोरीची किल्ली परत घ्यावी. घराचे दार उघडे ठेवावे.