एका रांगेत सारा देश

आम्ही मौद्याच्या बचत गटाच्या बाया. आज झाडांच्या एका रांगेबद्दल बोलू.

२०२३ चं ‘मेरी माटी, मेरा देश’ अभियान तुम्हाला आठवत असेल. गावोगावची माती कलशात भरून दिल्लीला गेली आणि ३१ ऑक्टोबरला कर्तव्य पथावर त्याची सांगता झाली. हा सरदार पटेलांच्या जयंतीचा दिवस. साडेपाचशेहून अधिक संस्थानं देशात सामील करून घेण्यात त्यांचा मोठा वाटा, म्हणून २०१४ पासून तो राष्ट्रीय एकता दिवस आहे. त्याच अभियानात ग्रामपंचायतींनी ७५ देशी रोपांची अमृत वाटिका लावायची होती.

पण रोप लावायला एक सकाळ पुरते, जगवायला दोन-तीन उन्हाळे लागतात. वाटिकेत जागा रिकामी असेल, किंवा शाळेचा रस्ता उघडा असेल, तर तिथे राज्यांच्या झाडांची रांग लावता येईल.

प्रत्येक राज्याचं एक झाड ठरलेलं आहे. आपल्या महाराष्ट्राचा आंबा. मध्य प्रदेशाचा वड. तोच देशाचा राष्ट्रीय वृक्षही. बिहार आणि ओडिशाचा पिंपळ, आंध्राचा कडुनिंब. राजस्थानची खेजडी आणि तेलंगणाची जम्मी ही नावं दोन, पण झाड एकच. आपण दसऱ्याला पूजतो ती शमी! भाषा बदलली, नाव बदललं, मान तोच राहिला. ही झाडं आपल्या भागातही वाढतात.

आधी ग्रामपंचायतीकडून जागेची परवानगी घ्या. मे महिन्यात दोन-दोन फुटांचे खड्डे खणून ठेवा. चांगला पाऊस झाला की रोप लावा. वड-पिंपळ घरांपासून, विहिरीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर ठेवा. भोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा. बुडाशी धानाचं तणस पसरा, म्हणजे ओल टिकते. उन्हाळ्यात बुडाला बारीक छिद्र पाडलेलं मडकं रोपाजवळ पुरून पाण्यानं भरा. पाणी मुळाशी हळूहळू झिरपतं.

सर्वांत मोलाची गोष्ट, एक झाड दोन घरांकडे द्या. दोन्ही घरं वेगळ्या मोहल्ल्यातली, वेगळ्या समाजाची असू द्या. एकीनं पाणी घातलं नाही तर दुसरी विचारेल. बोलणं नसलेल्या घरांतही झाडाच्या निमित्तानं बोलणं होईल.

गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांसोबत झाडांचीही हजेरी घ्या. मेलेल्या रोपाच्या जागी पुढच्या पावसात नवं लावा. देशाची एकी आपल्या गावात अशीच, पाणी घालून जगवावी लागते.